म्हातारचळ

२ ऑक्टोबर
खालच्या मजल्यावरचे शिरोडकर चहाला आले होते. त्यांची बायको जाऊन चार वर्षं, ह्यांना जाऊन सहा. डास फार म्हणून दार लावून घेतलं. बोरीवलीत नॅशनल पार्कच्या कडेला राहून संध्याकाळी दार उघडं ठेवायचं म्हणजे डासांना पंगतीचं आमंत्रण. निघताना म्हणाले, “अगं, छत्री राहिली बघ माझी.” मग ओशाळले. “सॉरी हं, नलिनीताई.”
सॉरी कशाला? मी सगळ्यांची काकू, मॅडम, आई. अगं कुणी म्हटलंच नव्हतं इतक्या वर्षांत. अजून कानात आहे. वेडी कुठली.

४ ऑक्टो.
लिफ्टमध्ये समोरच्या पाटकरबाई. “परवा दार बंद होतं तुमचं.” डास, म्हटलं. “हो? आमच्याकडे नाहीत बाई डास.” एकाच मजल्यावर! डासही माणूस बघून जात असतील.

७ ऑक्टो.
काल गच्चीवर कोजागिरी. पाटकरांनी बायकोला गजरा माळला. टाळ्या, फोटो, “काय गोड जोडी!” माझा हात पोळत होता म्हणून शि.नी माझा दुधाचा पेला धरला. मागून कुणीतरी, “म्हातारचळ.” मग खसखस पिकली. शि.नीही ऐकलं. पेला परत दिला आणि खाली निघून गेले.
गजरा गोड, आणि पेला धरला की चळ. संताप आला नुसता.

१२ ऑक्टो.
शि. फिरकले नाहीत. दोन कप काढते, एक परत ठेवते. आठवण येते त्यांची. लिहून टाकलं एकदाचं.

१५ ऑक्टो.
मुलुंडहून लेकीचा फोन. पाटकरबाईंनी तिच्यापर्यंत पोचवलं!
मंजू म्हणे, “सोप्पंय ना आई. त्यांना भाऊ मान. भाऊबीजेला ओवाळ, पाटकरकाकूंना बोलव बघायला. मग रोज येऊ देत चहाला, कोण काय बोलणारे?”
“आणि मला भाऊ नको असला तर?”
“आई, प्लीज यार. सासरी काय सांगू मी?”

१८ ऑक्टो.
जिन्यात शि. भेटले. मंजूने त्यांनाही फोन केलाय. “येतो भाऊबीजेला. निदान चहा तरी सुटणार नाही.” मी हो म्हटलं. घरी येऊन रडले. भाऊही बहिणीला अगं म्हणतोच की. पण ते अगं निराळं. मला ते नकोय.

२२ ऑक्टो., पाडवा
संध्याकाळी बेल. दारात शि. इस्त्रीचा सदरा, हातात गजऱ्याची पुडी.
म्हटलं, “भाऊबीज उद्या आहे. आज पाडवा.”
“माहितीये.”
पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाट मांडला, ते बसले. दार सताड उघडं. समोर पाटकरबाई रांगोळीपाशी पणत्या लावतायत, लक्ष सगळं इकडे. निरांजन लावलं, वाऱ्याने विझलं. परत लावलं, परत विझलं. काड्या संपल्या. दुसरी काडेपेटी घ्यायला आत आलेय, ओट्यापाशी उभ्याउभ्याच हे लिहितेय.
बाहेरून त्यांचा आवाज, “अगं, वात टिकत नाहीये. दार लावू का?”