चंद्रावतीचे खांदे

१६ सप्टेंबर १९५६, रविवार

काल गणपतीतलं नाटक झालं. मी सेनापती. गेल्या वर्षी राक्षस होते, त्याच्या आदल्या वर्षी भिल्लांचा राजा. आमच्या भगिनी मंडळात पुरुषांची कामंही बायकाच करतात, आणि मिशी कुणाला लावायची हा प्रश्न नाटक बसवणाऱ्या इंदुताईंना कधी पडत नाही. डिंकाची वाटी घेऊन त्या सरळ माझ्याकडे येतात. मला त्याचं काही वाटत नाही. कलेत लहानमोठं काम नसतं.

नाटकानंतर एक बातमी कळली. आमची नेहमीची नायिका सुनंदा, तिच्या यजमानांचं दफ्तर, म्हणजे अख्खी कचेरी, भोपाळला चाललं. एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य बंद, ग्वाल्हेरची राजधानी बंद. आमच्या लष्कर भागातली निम्मी घरं ट्रंका बांधतायत. जाणाऱ्या मंडळींसाठी २८ ऑक्टोबरला निरोपाचं नाटक ठरलंय, ‘चंद्रावती’. पण सुनंदा पहिल्याच तुकडीत निघाली. म्हणजे राजकन्या चंद्रावतीची जागा रिकामी.

मला लोभ नाही. पण दुसरं आहेच कोण?

पडदे आणि दिवे सांभाळणारे दिनकरराव (शिक्षण खात्यात क्लार्क, स्वभाव शांत) काल म्हणाले, “सुनंदाबाई अगदी फुलासारख्या. त्यांच्याकडून बाक काही उचलून घेता येत नाही.” म्हणजे त्यांना नाजूकपणाची कदर आहे. मग तो बाक त्यांनी आणि मी उचलला. हे फक्त नोंद म्हणून लिहिते. चंद्रावतीच्या भूमिकेशी दिनकररावांचा काही संबंध नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आरशासमोर उभी राहून शास्त्रीय पाहणी केली. नाक चांगलं. केस चांगले. मान ठीक. त्याखाली मात्र खांदे सुरू होतात, ते बराच वेळ संपत नाहीत. दंडही भरलेले आहेत. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची आणि संध्याकाळी गोळाफेक करायची, त्याचा हा परिणाम.

आबांना विचारलं, माझे खांदे कुणावर गेले? आबा संस्थानच्या रिसाल्यात होते. फौजा विलीन झाल्या तसे पेन्शनीत आले, पण अजून अंगणात पहाटे दंड काढतात आणि मलाही काढायला लावतात. ते अभिमानाने म्हणाले, “माझ्या वडिलांवर. त्यांनी एकदा चिखलात बसलेला घोडा उठवला होता.”

ठराव: व्यायाम बंद. उद्यापासून, कारण आजचा करून झाला होता.

२३ सप्टेंबर, रविवार

व्यायाम बंद करायचा ठराव थोडा पुढे ढकललाय. आबा एकटे पडतात.

आज त्याहून महत्त्वाचं काम झालं. कुमुदिनीवहिनीकडे एक जुनं मासिक मिळालं. (दादा पलटणीत, जबलपूरला. त्यामुळे वहिनीला वाचायला वेळ असतो.) त्यात ‘शरीरयष्टीनुसार पोशाख’ असा लेख आहे. रुंद खांद्यांच्या स्त्रियांनी साध्या बाह्या घालाव्यात, गळा खोल ठेवावा, रंग गडद निवडावा असं लिहिलंय. वाचून निराशा झाली. हे तर काहीच न करण्यासारखं आहे. पुढच्या पानावर कृश स्त्रियांसाठी मजकूर आहे, तो फार सुंदर वाटला. फुग्याच्या बाह्या, गळ्याला झालर, फिके रंग. त्याने म्हणे अंगाला स्त्रीसुलभ गोलाई येते. कृश बाईला एवढा फायदा होत असेल, तर माझ्यासारखीला दुप्पट होणार हे उघड आहे.

लगेच नया बाजारात गेले. फिक्या गुलाबी रंगाचं कापड घेतलं. टेलर मास्टरजींनी बाहीचं माप घेतलं, टेप पुन्हा लावून बघितली आणि म्हणाले, “बहनजी, फुग्गा रहने दो. भगवान ने पहले से दिया है.” मी म्हटलं, आप सिर्फ सीजिए. या लोकांना नवीन काही सुचत नाही.

३० सप्टेंबर, रविवार

ब्लाउज आला. अप्रतिम.

घालून वहिनीला दाखवला. ती दाराला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबला. तिला हल्ली खोकल्याचा त्रास आहे.

आबा बाहेरून आले. थोडा वेळ बघत राहिले, मग गंभीरपणे विचारलं, “हा कोणत्या रेजिमेंटचा ड्रेस?” नंतर वहिनी म्हणाली, त्यांना तशी शंका येणारच, कारण समोरून बघितलं की दोन्ही खांद्यांवर काहीतरी बिल्ला लावल्यासारखं वाटतं. वहिनीला फॅशनमधलं कळत नाही. ती मुळातच बारीक आहे, तिला कधी विचार करावा लागलेला नाही.

एक किरकोळ अडचण. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आता आडवं होऊन जावं लागतं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना

ब्लाउजवर आईची चंदेरी नेसले. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण साडीचा ताठरपणा गेलेला नाही. त्यात मी स्वतः खळ घातली. ती अंगावर न बसता माझ्या आजूबाजूला उभी राहिली. लेखात लिहिलंय, ‘वस्त्राचा घेर स्त्रीत्व खुलवतो.’ घेर भरपूर होता.

चालीचाही विचार केला. मी चालते तेव्हा शाळेतल्या मुलींना माझ्यामागे पळावं लागतं. आज ठरवून छोटी छोटी पावलं टाकत टोपी बाजारातून गेले. नजर खाली, एक हात पदरावर. एक टांगेवाला आपण होऊन थांबला. “बाईसाब, पैर में मोच है? बैठ जाओ.” शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी मला बघून अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आणि शेकायला सांगितलं. नाजूकपणाचा लोकांवर परिणाम होतो तो असा.

परतताना बाड्यावर, चौकात, दिनकरराव भेटले. सायकलवर दफ्तराच्या फायलींचा गठ्ठा. सगळं भोपाळला जायचंय, ते स्वतः महिनाअखेरीस जाणार. मी बारीक आवाजात नमस्कार केला. त्यांनी घसा दुखतोय का विचारलं. मी फक्त किंचित हसले. एवढ्यात गठ्ठा घसरला. एरवी मी तो एका हाताने धरला असता, पण नाजूक बाईने काय करावं ते मला आता ठाऊक आहे. मी “अगंबाई” म्हटलं आणि उभी राहिले. फायली रस्त्यावर पसरल्या. दिनकरराव एकटेच गोळा करत बसले. मधून मधून वर बघत होते. बहुधा विश्वास बसत नव्हता.

फार चांगला दिवस.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

चंद्रावती मी.

चाचणीला मी आणि सुधाताई दोघीच होतो. बाकीच्या कुणी भोपाळला गेल्या, कुणी बांधाबांधीत. सुधाताईंना गाण्याचं अंग आहे, पण उंची माझ्या खांद्याएवढी. इंदुताई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग माझं पाठांतर ऐकलं आणि कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, “ठीक आहे, राजलक्ष्मी. निरोपाचाच कार्यक्रम आहे. लोक रागावणार नाहीत.” इतक्या भावूक मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

राजपुत्र सुधाताई. माझी मिशी त्यांना मोठी होते. कापायचं ठरलं.

दिनकररावांना बातमी सांगितली तर म्हणाले, “मग सेनापती कोण?” मी म्हटलं, या नाटकात सेनापती नाही. म्हणाले, “अस्सं.” त्यांचा आवाज उतरला होता. मला चंद्रावतीच्या वेषात बघायच्या कल्पनेने माणूस गंभीर होणारच.

२१ ऑक्टोबर, रविवार

तालमीत दुसऱ्या अंकाचा शेवट अडतोय. चंद्रावतीला मूर्च्छा येते आणि राजपुत्र तिला वरच्यावर झेलतो. पहिल्यांदा मी मनापासून मूर्च्छित झाले. सुधाताईंच्या कमरेला आता लेप लावलाय. मग असं ठरलं की मी आधी हळूच बाकावर बसायचं आणि बसल्यावर मूर्च्छित व्हायचं. मूर्च्छा येणारी माणसं असा विचार करत नाहीत, पण मी वाद घातला नाही. वाद घालणं नाजूक दिसत नाही.

वजन कमी करायला रात्रीचं जेवण सोडलंय. भूक लागू नये म्हणून संध्याकाळी थोडं जास्त खाते.

वहिनी आज जवळ येऊन बसली. म्हणाली, “ताई, सेनापती झालात की तुम्ही स्टेजवर आल्या आल्या लोक सरसावून बसतात. हे सगळं कशासाठी?” मी म्हटलं, कलेसाठी. ती म्हणाली, “कलेला भोपाळची बदली झालीय वाटतं.”

२८ ऑक्टोबर, रविवार

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

हॉल भरलेला. जाणारी मंडळी पुढे सतरंजीवर, त्यांच्यापुढे लहान मुलं. मी गुलाबी ब्लाउज, चंदेरी, गळ्याला झालर, केसांत अबोलीचा मोठा गजरा. मी आले तेव्हा मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, “ये राजकुमारी है कि राजकुमारी का किला?” प्रेक्षकांत अडाणी लोक असायचेच.

पहिला अंक उत्तम. दुसऱ्यात मागे किल्ल्याची भिंत उभी केली होती. लाकडी सांगाडा, वर रंगवलेलं कापड. तिला टेकू देणारे मंडळाचे जुने गडी आता भोपाळात. माझं वाक्य होतं, “नाथ, या कोमल बाहूंना फुलांचाही भार सोसवत नाही.” मी “नाथ” म्हटलं आणि मागे कर्रकन आवाज झाला. वळून बघते तर भिंत पुढे येतेय. सुधाताई बाजूला झाल्या. पुढे मुलं बसली होती.

मी दोन्ही हात वर करून भिंत धरली.

आणि वाक्य पुरं केलं. पाठांतर माझं पक्कं असतं. कोमल बाहू म्हणाले तेव्हा डावा फुगा फाटला, फुलांचा भार म्हणाले तेव्हा उजवा. हॉलमध्ये लोक एवढे हसले की इंदुताईंनी पडदा पाडायला सांगितलं. पण पडदा पाडणारे दिनकरराव भिंतीच्या पलीकडे होते. त्यांनीही मागून धरली होती. कापडाआडून त्यांचा आवाज आला, अगदी हलका, फक्त मला ऐकू येईल असा: “राजलक्ष्मीबाई, सोडू नका.”

मी म्हटलं, नाही सोडणार.

मुलांना उचलून बाजूला नेईपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे होतो. नंतर लोक उठून टाळ्या वाजवत होते. आबांनी पुढे येऊन सगळ्यांना चिखलात बसलेल्या घोड्याची गोष्ट सांगितली.

ब्लाउज गेला. पण ‘सोडू नका’ हे शब्द. मी ते बऱ्याच बाजूंनी तपासले. भिंतीला उद्देशून माणूस अशा आवाजात बोलत नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

दिनकररावांचा निरोप आला. संध्याकाळी आबांना भेटायला येतायत. रात्रीच्या गाडीने भोपाळ. जायच्या दिवशी माणूस उगाच कुणाच्या वडिलांना भेटायला येत नाही. वहिनीनेही आज काही थट्टा केली नाही, उलट रांगोळी घातली. मास्टरजींकडून दुसरा ब्लाउज आणलाय. फुगे थोडे लहान, कारण कापड पुरलं नाही.

संध्याकाळ

आले. हातात पेढ्यांचा पुडा. मी आतल्या दाराशी उभी होते, वहिनी माझ्यामागे.

आबांच्या पाया पडले आणि म्हणाले, लग्न ठरलं. मुलगी इंदूरची. कॉलेजात बास्केटबॉल खेळते, उंच आहे, घरचं धान्याचं पोतं स्वतः आत नेते. “आईला स्पष्ट सांगितलं होतं, मला राजलक्ष्मीबाईंसारखी मुलगी हवी. आईला फार शोधावं लागलं.”

आबांनी पेढ्यांचा पुडा घेऊन न उघडता बाजूला ठेवला. मग म्हणाले, “तिच्यासारखी हवी होती, तर इंदूरपर्यंत कशाला गेलात?”

दिनकररावांनी टोपी काढून हातात धरली. “गणपतीनंतर विचारणार होतो, साहेब. पण नवरात्रात बाड्यावर भेटल्या. माझ्या फायली रस्त्यावर पडल्या, तर त्या नुसत्या उभ्या. तेव्हा समजलो. त्यांची आवड आता वेगळी आहे, नाजूक, बड्या घरातली. आम्ही ओझी वाहणारी माणसं.”

वहिनीने माझा हात धरला. तिला वाटलं मी पडेन.

मग आबांनी हाक मारली. बाहेर गेले. अभिनंदन केलं, बारीक आवाजात करायचं होतं पण माझ्या नेहमीच्या आवाजात झालं. दारात टांगा उभा होता, त्यात त्यांची एक ट्रंक चढवायची राहिली होती. पुस्तकांची होती, टांगेवाला आणि ते मिळून हलत नव्हती. मी बाजूला व्हा म्हटलं आणि आत ठेवली. दिनकरराव बघत राहिले. काहीतरी बोलणार होते. टांगेवाल्याने गाडीची वेळ सांगितली.

टांगा दाल बाजाराकडे वळेपर्यंत मी उभी होते. आत आल्यावर वहिनीने विचारलं, डोळे का लाल झाले? मी सांगितलं, दिवाळी आली, फटाक्यांचा धूर.

ती म्हणाली, अजून गल्लीत कुणी एकही फटाका लावलेला नाही.