पांढरी पऱ्हाटी

घाटंजी

आदरणीय शीलामावशीस,

अश्वजितचा सप्रेम जय भीम. तुमची शुगर आणि तुमच्याकडे मुक्कामी असलेल्या बाबांचा ऑपरेशन झालेला डोळा, दोन्ही ठीक असतील अशी आशा करतो. (डोळा ठीक आहे हे मला चांगलंच कळलं आहे.) फोनवर तुम्ही मला बोलूच दिलं नाही, म्हणून लिहितो.

मावशी, आपल्या पऱ्हाटीला काहीही झालेलं नाही, शेतात कपाशी हिरवीगार उभी आहे. मी माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड फिल्टर लावून पाहत होतो. हे एक काळं भिंग असतं. डोळ्यांना दिसणारा उजेड ते अडवतं आणि न दिसणारा तेवढा आत सोडतं. भर दुपारी स्टँड लावून एकेका फोटोला अर्धा मिनिट थांबावं लागतं. त्यात वारा सुटतो, पानं हलतात, फोटो लालभडक येतो, मग तो कॉम्प्युटरवर सुधारत बसा. एवढं केलं की हिरवं पान पांढरंशुभ्र दिसतं. बस, एवढंच! रोग नाही की विष नाही.

एक फोटो असा साधला की मी हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकला. नेमका त्यात दोन शेतांमधल्या धुऱ्यावर शेजारचा लालसिंगकाका, पाठीवर फवारणीचा पंप. (अर्धा मिनिट हलू नको म्हटलं तरी त्याला तंबाखू मळायची होती, त्यामुळे भुतासारखा पुसट आला.) फोटो पाहून बाबांना आधी वाटलं, ऑपरेशन बिघडलं. म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही, रागावू नका, चष्मा लावून सांगितलंत, "पांढरंच हाय भाऊजी, सारं जळलं वाटते!"

"जळलं" कायले म्हणायचं, मावशी?

बाबांनी लगेच काकाला फोन लावला, "तुह्या तणनाशकानं माही पऱ्हाटी जाळली" म्हणून नाही नाही ते सुनावलं. बाबा तिकडे असताना जो माणूस आपल्या शेतातली डुकरं हाकलतो, त्याला! तो एक झाड उपटून थेट माझ्या बैठकीत आला. "हे पांढरं हाय काय? सांग तुह्या बापाले." चहाला हात लावेना. व्हिडिओ कॉल केला, तर बाबा म्हणतात, "मोबाईलवर सारंच हिरवं दिसते." शेवटी काकालाच अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं केलं आणि दोन फोटो काढून पाठवले, एक साधा, एक फिल्टरचा. एकात निंब हिरवा, दुसऱ्यात पांढरा.

मग बाबांचा काकाला फोन. "लालसिंग, चुकलो बाप्पा."

काका म्हणाला, "डोळा सांभाळ, पंजाबराव. गावात आला की मंग भांडू." आणि चहा मागितला.

मी मात्र कानाला खडा लावला आहे. ते भिंग डबीत गेलं ते गेलं.

तुमचा,
अश्वजित

ता. क. फिल्टरच्या फोटोत काकाच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या. त्यानं तो मोठा करून मागितलाय, काकूचाही काढायचा म्हणतो. आता माणसाचं मन कसं मोडावं?

आणखी एक. मावसाजींचा जुना कॅमेरा कपाटात नुसता पडून आहे ना? इथं एक जण कॅमेरा खोलून आतली काच बदलून देतो, मग भिंग न लावताच पानं पांढरी येतात, स्टँडची कटकटच नाही. बाबा परत येताना त्यांच्याच पिशवीत तळाशी घालून द्या. लोणच्याची बरणी आहे म्हणा, म्हणजे जपून आणतील.