अनोळखी टीममधली विशालाक्षी

कुंभकोणम, रविवार

दादा,

तुला नमस्कार आणि आईला मिठी. मी मजेत आहे. जेवणाची काळजी करू नका, सांबार-भात आता आवडायला लागलाय. आई गुडघ्याला पट्टा लावते ना?

तीन रविवार मी आपल्या ग्रुपमध्ये ऑनलाइन खेळायला आले नाही, म्हणून तू रागावलायस. खरं सांगू? दिवसभर बँकेत तोडकंमोडकं तमिळ बोलल्यावर तुमचे आवाज कानावर पडले की रडू येतं. म्हणून मी गेमलाच कुणाशीही टीम जुळवू देते. अनोळखी माणसांना काही सांगावं लागत नाही.

काल मात्र टीममधली एक मुलगी मध्येच घरात कुणाला तरी म्हणाली, "आई, अंमळ थांबा, येतें."

मी दचकलेच. "तुम्ही मराठी?"

"होय, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, तमिळ मुलखांतले. तुमची मराठी निराळीच ऐकूं येते!"

बोलण्याच्या नादात आम्ही हरलो. तिचं नाव विशालाक्षी. राहते दारासुरमला, माझ्या खोलीपासून बसने पंधरा मिनिटांवर! आज तिच्याकडे जेवून आले. तिच्या आईंनी पाठीवर हात ठेवला आणि मी पोटभर रडले. आता हलकं वाटतंय.

गेमने एवढ्या लोकांतून नेमकी तीच कशी निवडली रे? तुला त्यातलं कळतं, नीट समजावून लिही.

येत्या रविवारी मी नक्की येते. विशालाक्षीलाही आणू? टीम चौघांचीच, म्हणजे कुणाला तरी बाहेर बसावं लागेल. एवढा एक डाव तू बसशील?

तुझी,
केतकी