शंभर मीटर, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत

९ मार्च
निर्णय झाला. ३१ मेला परभणीत प्रौढांच्या धावण्याच्या स्पर्धा आहेत. पंचेचाळीस वर्षांवरचा गट, शंभर मीटर. नाव दिलं. स्टाफरूममध्ये सांगितलं, चौदा सेकंदांत येणार. केमिस्ट्रीचे शिवप्रकाश सर म्हणाले, योगीराज सर, अँब्युलन्स कॉलेजची नेणार का घरची? सगळे हसले. शिपाईसुद्धा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी विद्यापीठाच्या मैदानावर बारा सेकंदांत आलो होतो, हे या माणसांच्या गावीही नाही.
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, हा राग आहे की निर्धार? सत्तर टक्के निर्धार.
(रात्री. साठ.)

११ मार्च, पहाटे
मैदानावर पोलीस भरतीची पोरं. एक जण ओरडला, ओ काका, चालणाऱ्यांनी कडंनं चालावं, मधी लोकं पळायलेत.
मी पळत होतो.
या मैदानावर पुन्हा पाय ठेवणार नाही.

१४ मार्च
स्वतःचं शेत असताना लोकांच्या मैदानावर अपमान कशाला? हरभरा निघालाय, रान मोकळं आहे. उत्तरेच्या कडेनं गाडीवाट गेलीय, चांगली घट्ट. गटाचा नकाशा काढून स्केल लावली, दोनदा. पश्चिमेच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, पूर्वेच्या धुऱ्यापर्यंत बरोबर शंभर मीटर. वडिलांनी जणू माझ्यासाठीच आखून ठेवलं. टेप आणावी असं क्षणभर वाटलं. पण सरकारी नकाशा हातात असताना टेप म्हणजे संशयखोरपणा.
पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे चुलतभाऊ बन्सीधरदादाचं रान. तो गावभर सांगतो, योगीराजच्या बापानं नांगर घालून घालून आमचा धुरा कोरला. माय म्हणते, चोराच्या उलट्या बोंबा. मी या वादात पडत नाही. मी शिकलेला माणूस आहे.

१६ मार्च
पहिली धाव. बायको सविता मोबाइल घेऊन पूर्वेच्या धुऱ्यावर उभी. मी सुसाट निघालो, कानाशी वारा वाजत होता. वेळ आली एकोणीस सेकंद. अशक्य. सविता दुसऱ्या हातानं हराळी उपटत होती, हे मी येताना पाहिलं. उशिरा दाबलं असणार, असं म्हणालो. तर म्हणे, तुमी आल्यावरच दाबते ना? लौकर या, लौकर दाबते.
हिला निरीक्षण शिकवण्यात अर्थ नाही.

२ एप्रिल
कारणमीमांसा. बोर्डाचे पेपर तपासून उजवा खांदा उतरलाय, त्यामुळे शरीर डावीकडे ओढतं. परभणीहून आणलेले बूट टाचेला चावतात, दुकानदार थापाड्या. सविता रात्री पिठलं करते, ते सकाळपर्यंत पोटात बसून राहतं. आणि मोबाइल, तो तर चिनी.
आज लॅबमधलं स्टॉपवॉच नेलं. एकोणीस.
पिठल्यावरून सवितावर ओरडलो. नंतर शांतपणे विचार केला. ओरडणं योग्य होतं, पण पिठल्यावरून नको होतं. पिठलं दोनदा वाढून घेतलं होतं.

९ एप्रिल
सापडलं! वीस वर्षं अकरावीच्या पोरांना शिकवतोय आणि मलाच सुचू नये?
अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. वेळ दोन घड्याळांनी पाहिली, ती बरोबर. वेग माझा मला आतून कळतो, तो चौदा सेकंदांचाच आहे. उरलं काय? अंतर. गाडीवाट शंभर मीटरची नाहीच. हिशोबानं एकशे पस्तीस भरते.
नकाशात शंभर, म्हणजे आपण बन्सीदादाचं पस्तीस मीटर रान खाल्लंय. वडील तसे नव्हते. पण आकडे आकडे असतात.
आता टेप लावता येईल. पण टेप मीच धरणार, निकाल माझ्याच बाजूनं लागणार, स्टाफरूम काय म्हणेल? निःपक्ष मोजणी हवी. सरकारी.

१० एप्रिल
दादाकडे गेलो. गोठ्यात होता. सरळ सांगितलं, दादा, तुम्ही म्हणता ते खरं असावं. तुमचं रान आमच्याकडं आलंय. मोजणी करून परत देतो. त्याच्या हातातली पेंडीची पाटी खाली पडली. मग म्हणाला, जाऊ द्या हो सर, झालं गेलं. भावाभावात मोजणी लावली तर लोकं तोंडावर थुकतेल. मी म्हणालो, प्रश्न माझ्या वेळेचाही आहे. तर म्हणे, वेळेला काय झालं? म्या रोज बघतो ना. लय जोरात पळायलाव. डोळ्याला दिसंना झालाव. ते रान शंभराच्या लय वर हाय, माझ्याकडून लिहून घ्या. पैसे कशाला घालता मोजणीत?
इतक्या वर्षांचं वैर, पण मन किती मोठं. खेळातलं कळणारा गावात हा एकच.

१२ एप्रिल
घरात वणवा. सविता म्हणाली, पळायला जमंना तर चाला की, रान कामून द्यायचं? माय तर अंगावरच आली. आरं, लोकं धुऱ्यापायी मुडदे पाडतेत, अन् तू पळण्यापायी धुरा देतू? तुझ्या बापानं वीतभर हलू दिला न्हाई. मी शांतपणे समजावलं, म्हणजे आवाज थोडा चढला, की हा न्यायाचा प्रश्न आहे. माय म्हणाली, तुझ्या न्यायाला लागली आग. पेरायचं काय मग, तुझे बूट?
सविताने जाहीर केलं, घड्याळ धरणार नाही.
रात्री स्वतःची उलटतपासणी घेतली. मी न्यायासाठी मोजणी लावतोय की चौदा सेकंदांसाठी? समजा दोन्हीसाठी. तरी न्याय होतोच.
उद्या तातडीच्या मोजणीचा अर्ज.

४ मे
नोटिसा आल्या. संध्याकाळी दादा पाडाच्या आंब्यांची पाटी घेऊन दारात. दादाच्या घरचा आंबा आमच्या उंबऱ्यात कधी आला होता, मायलाही आठवेना. मला बाजूला घेऊन म्हणाला, सर, अर्ज मागं घ्या. तुमी सोन्यासारखं माणूस, धुरा हाय तिथं ऱ्हाऊ द्या, तुमचा तुमाला, आमचा आमाला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. स्वतःचं पस्तीस मीटर सोडायला निघालाय हा माणूस! नाही म्हणालो. तत्त्व आहे.
माय आंबे हुंगून म्हणाली, बन्सी आंबे देतू म्हंजे कुठंतरी कोय गिळलीय त्यानं.
म्हाताऱ्या माणसांत संशय फार.

१९ मे, दुपार
हे लिहिणं भाग आहे.
सकाळी मोजणीदार आला, काठीवर यंत्र लावलेलं. पश्चिमेचा धुरा जागेवर. ठीक. मग पूर्वेला चालू लागला. मी पूर्वेच्या धुऱ्याच्या अंदाजे पस्तीस मीटर अलीकडे आधीच खूण करून उभा होतो. तो माझ्या अंगावरून गेला. मला वाटलं, विसरला. हाक मारली. थांबला नाही. धुऱ्यापाशी आला, धुऱ्यावर चढला, पलीकडे उतरला आणि दादाच्या नांगरटीत सहा मीटर आत जाऊन खूण ठोकली. म्हणाला, तुमची हद्द इथं.
मी धावत गेलो. म्हणालो, साहेब, यंत्र तपासा, मागं या. माझी जमीन एवढी असूच शकत नाही. दादाही म्हणाला, व्हय व्हय, सर बरोबर बोलायलेत, शिकलेले हायत. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून भांडलो. मोजणीदारानं पुन्हा मोजलं. तिथंच. म्हणाला, जमीन कमी निघाली म्हणून भांडणारे रोज भेटतात, जास्त निघाली म्हणून अंगावर येणारे तुम्ही पहिलेच.
मायनं तिथंच कंबरेला पदर खोचला आणि दादाच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. सविता खुणेच्या दगडापाशी मांडी घालून बसली, ती उठेचना.
म्हणजे मी पळत होतो ते चौऱ्याण्णव मीटर. एकोणीस सेकंदांत.
वेग काढला. काढायला नको होता.

२२ मे
संताप, संताप. माय पेढे वाटतेय. पारावर बोलणं असं की योगीराज सर लय पोचलेला माणूस. पळायचं सोंग केलं, बन्सीला गाफील ठेवलं अन् धुरा सोडवून आणला. शिवप्रकाश सरांचा फोन. मानलं तुम्हाला, म्हणाले, आम्हाला वाटलं खरंच पळताय.
मी खरंच पळत होतो, असं त्यांना सांगितलं. ते इतके हसले की फोन ठेवावा लागला. घरी सांगितलं. सविता म्हणाली, व्हय व्हय, आमच्याजवळ तरी नका करू सोंग.
बन्सीधरवर सर्वांत जास्त राग. वीस वर्षं नांगराच्या एकेका तासानं धुरा कोरला त्यानं. त्यामुळे माझा सराव अपुऱ्या अंतराचा झाला. शेवटचे सहा मीटर पायांना माहीतच नाहीत. शर्यत तिथंच ठरते. याची भरपाई कोण देणार?

२९ मे, सकाळ
पंचांनी बसून मिटवलं. नवा धुरा खुणांवर पडला. मधली नांगरट सविताने माणसं लावून दाबून घेतली. कुणाला न सांगता पहाटे गेलो. ती मागून आली, हातात मोबाइल. गेले दीड महिने धरला नव्हता. नव्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. पलीकडे बन्सीधर बैल सोडत होता. आमचं आता बोलणं नाही.
निघालो. आज पायात खरंच काहीतरी होतं. जुना धुरा होता तिथपर्यंत छान गेलो.
पुढं चालत गेलो.
बन्सीधर मला नाही, बैलाला म्हणाला, सहा मीटर म्या उगं कमी केलते व्हय? दया आली म्हून केलते.
सविता हसली नाही. किती ते सांगू का, म्हणाली. नको म्हणालो. मोबाइल तिच्या हातातून घेतला, बंद करून पुन्हा चालू केला, माझ्या घड्याळाशी लावून पाहिला.
बरोबर चालतो.