तीन नावांचा फॉर्म

३ मार्च, सकाळी
वसतिगृहातल्या विद्यार्थी बंधुभगिनींनो! आपल्याला परीक्षेचा ताण कमी पडत होता म्हणून की काय, समुपदेशन कक्षाच्या एल्सी टीचरनी आपल्या माथी एक फॉर्म मारला आहे. अडचणीत ज्यांच्याकडे जाल अशा तिघांची पूर्ण नावं स्वतःच्या हातानं लिहायची, खाली त्यांच्या सह्या. त्याशिवाय एम.ए.चं हॉलतिकीट नाही. शेवटची तारीख दहा.
(वाचणारा मी एकटाच. तरी सुरुवात दमदार हवी.)
निश्चय : बहिष्कार!

४ मार्च
बहिष्काराला कोणी आलं नाही. भेकड! सगळे सह्या गोळा करत फिरताहेत. ठीक. केरळच्या चौदाही जिल्ह्यांत भाषणं ठोकलेल्या माणसाला तीन सह्या म्हणजे दहा मिनिटांचं काम.

५ मार्च
भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी. शंभरात एकोणीस. चाचणी सदोष आहे. एल्सी टीचरना तसं चाळीस मिनिटं समजावलं. त्यांचे डोळे भरून आले. पटलं असावं.

६ मार्च, दुपारी
मेसमध्ये रांधणाऱ्या नारायणी चेचींकडे सही मागितली. म्हणाल्या, पोरा, न्याहारीचा पुट्टु कडक झाला म्हणून माझ्यावर मोर्चा आणलास ना? जा, त्या मोर्चाकडूनच सही घे. सगळी रांग हसली. जनतेची राजकीय जाण रसातळाला गेली आहे.

७ मार्च
संघटनेतल्या सुधाकरनला गाठलं. त्यानं विचारलं, माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू काय केलंस, आठवतं? आठवतं की! सरकारी रुग्णालयांच्या दुरवस्थेवर त्याच्याच घरासमोर सभा घेतली. लाउडस्पीकर लावून. कृतघ्न!

८ मार्च
खोलीतला सोबती आहेच की! दोन वर्षं एकत्र राहतो, मला ‘चेट्टा’, थोरला भाऊ म्हणतो. मला ताप आला तेव्हा कांजी यानंच आणली. सही करतो म्हणाला, लगेच. फक्त आधी माझं नाव लिहा, चेट्टा.
पेन उघडलं. नाव माहीत नाही.
मी सगळ्यांना ‘सखावे’ म्हणतो. साथी तो साथी. नावात जात दिसते, धर्म दिसतो. तत्त्व आहे ते. तो पेनाच्या टोकाकडे बघत राहिला. मी सांगितलं, शाई संपली.

९ मार्च
तो आंघोळीला गेल्यावर त्याचाच फॉर्म उचलला, नाव बघायला. आधाराच्या तिघांत मी नाही. नारायणी चेची आहेत! मी सापडलो मागच्या पानावर, ‘ताणाची कारणं’ या रकान्यात : प्रतापचंद्रन चेट्टा, रोज पहाटे भाषणाचा सराव.
विश्वासघात! फॉर्म टेबलावर आपटला आणि तरातरा बाहेर पडलो. तासाभरानं परतताना जिन्यात आठवलं, पहिल्याच ओळीत त्याचं नाव असणार. मी शोधत होतो माझं. खोलीत आलो तर तो फॉर्म देऊनही आला होता.

१० मार्च, सव्वाचार
एल्सी टीचर म्हणाल्या, तीन राहू दे, प्रतापचंद्रा. एक तरी आण. पाचला खिडकी बंद.
तो समोरच्या खाटेवर वाचत बसला आहे. मी दोनदा उभा राहिलो. एकदा घसा खाकरून मैत्रीच्या ऱ्हासावर सुरुवातही केली. त्यानं कानात कापसाचे बोळे घातले.
प्रतापचंद्रा, वही मिट. खाटेपाशी जा. भाषण करू नकोस. त्याला त्याचं नाव विचार.