सोलापूरची गोली

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज तेवढा लख्ख आठवतो, चेहरा मात्र आधी चष्मा, मग कपाळ, मग गळ्यातली शिट्टी असा तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागतो. मागच्या आठवड्यात इथल्या एका कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं होतं. विषय होता देशाच्या महिला फुटबॉल संघाची वाटचाल. मी बोलले व्यवस्थित. सत्तरच्या दशकात मुलींच्या फुटबॉलची देशपातळीवर संघटना झाली, राज्याराज्यांचे संघ उभे राहिले, मग देशाचा संघ झाला, पुढं आशियात आपल्या मुली दुसऱ्या आल्या. टाळ्या झाल्या, शाल मिळाली. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की वाटचाल म्हटलं की लोकांना संघटना आणि स्पर्धा हव्या असतात. पांढऱ्या साडीचा पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून पार्क मैदानावर उभी असलेली एक बाई त्यात कुठं बसवायची ते मला उमगलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपल्या शाळेत मुलींचा पी.टी.चा तास म्हणजे लेझीम आणि कवायत. तुम्ही एके दिवशी बगलेत चामड्याचा चेंडू घेऊन आलात आणि म्हणालात, "आजपासून हा." मोठ्या बाईंनी तुम्हाला व्हरांड्यातच गाठलं. मुलींनी लाथा मारायच्या का, पालकांना काय सांगायचं, असं त्या विचारत होत्या आणि तुम्ही शांतपणे चेंडूला हवा भरत होतात. अर्ध्या चड्डीचा प्रश्न आला तेव्हा तुम्ही सलवारीवर तडजोड केलीत. वर्षभरात सलवारी गुडघ्यापर्यंत आल्या आणि पुढच्या वर्षी चड्ड्या झाल्या, तोवर मोठ्या बाई दुसऱ्याच भांडणात गुंतल्या होत्या. मी वर्गात सगळ्यात उंच होते आणि मला पळायचा कंटाळा होता. तुम्ही मला दोन विटांच्या मधे उभं केलंत. गोलकीपर हा शब्द मुलींना लांब पडायचा, म्हणून मी सगळ्यांची गोली झाले.

तुमची पहिली बोलणी मी खाल्ली तो दिवस मला आजही दिसतो. मार्चचं ऊन, मैदान तापलेलं. एक चेंडू उंच येतो, माझ्यात आणि माझ्या पुढच्या मुलीत पडतो. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते आणि चेंडू आमच्या मधून आरामात विटांच्या आत जातो. तुमची शिट्टी वाजते.

"कुणाचा होता चेंडू?"

"मला वाटलं, ती घेईल."

"वाटलं! आणि तिला काय वाटलं?"

"मी घेईन."

"छान. दोघी सभ्य. आता ओरड, माझा!"

मी म्हटलं, माझा. तुम्ही कानामागं हात धरलात. मी पुन्हा म्हटलं. तुम्ही मैदानाच्या पार त्या टोकाला चालत गेलात आणि तिथून म्हणालात, मला इथं ऐकू आलं पाहिजे. इतर मुली हसत होत्या. माझा घसा कोरडा पडला होता, पण अडचण घशाची नव्हती. बाई, मला तो शब्द तोंडात धरता येत नव्हता. गिरणीच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीत माझं असं काय होतं? फ्रॉक मामेबहिणीचा, पुस्तकं शेजारणीची, झोपायची जागा पाहुणे नसतील तर. माझा म्हणून बोट दाखवावं असं काही मी पाहिलंच नव्हतं, आणि तुम्ही मला हवेत असलेल्या, अजून हातात न आलेल्या वस्तूवर हक्क सांगायला लावत होतात. शेवटी मला तुमचा राग आला आणि त्या रागात मी ओरडले. रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायला लागला. तुम्ही फक्त म्हणालात, "हां. आता घ्यायला पुढं ये." त्या दिवसानंतर मी गोलात उभी राहिले की मैदानात माझाच आवाज असायचा.

बूट घ्यायला तुम्ही मला नवी पेठेत नेलंत तेही सांगायचं आहे. मुलींच्या मापाचे फुटबॉलचे बूट तेव्हा कुणी ठेवत नसे. दुकानदारानं पोरांचे सगळ्यात लहान बूट काढले आणि विचारलं, "भावासाठी का?" तुम्ही म्हणालात, "हिच्यासाठी. गोली आहे ही." त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत जाऊन आणखी एक जोड आणला आणि म्हणाला, "मग हा घ्या, ह्याचं चामडं जाड आहे." तळाला चामड्याच्या चकत्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. पहिल्या आठवड्यात ते खिळे आतून टोचायचे. तुम्ही जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आत घालून दिलात. मला दिलेली ती तुमची एकमेव भेट. ते बूट मी इतके वापरले की ठेवण्यासारखं त्यांचं काही उरलंच नाही.

मग राज्याचा संघ निवडला गेला आणि त्यात मी होते. दुसऱ्या वर्गाचा डबा, घरून आणलेली वळकटी, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, आणि उतरायला दुसऱ्या गावातल्या शाळेचे वर्ग, बाकं भिंतीला लावून मोकळे केलेले. सामन्याला गर्दी कशी लोटली होती बाई! लोक खेळ बघायला आले नव्हते, आमचे पाय बघायला आले होते. आम्ही मैदानात उतरलो तशा शिट्ट्या सुरू झाल्या. आमची सगळ्यात लहान खेळाडू चड्डी खाली ओढत राहिली, चेंडूकडं तिचं लक्षच नव्हतं. तुम्ही रेषेबाहेर उभ्या होतात. मी तुमच्याकडं पाहिलं, मला वाटलं, तुम्ही आता त्या लोकांना काहीतरी बोलाल. तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत. तुमची नजर खेळावर होती, जणू गर्दी आलेलीच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी समोरच्या संघाच्या पुढच्या फळीतली एक जण एकटी चेंडू घेऊन माझ्यावर आली. मी ओरडत पुढं सुटले आणि तिच्या पायातून चेंडू पोटाखाली घेतला. कोपर सोलवटलं, तोंडात माती गेली. उठले तेव्हा मैदान गप्प होतं. मग कुणीतरी म्हणालं, "वा रे गोली!" आणि तिथून पुढं त्या लोकांना आमचे पाय दिसायचे बंद झाले, खेळ दिसायला लागला. आम्ही तो सामना हरलो. परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसून गुणगुणत होतात, हे मी पाहिलं होतं.

देशाच्या शिबिरासाठी बोलावणं आलं ते तारेनं. परदेशातला एक संघ आपल्याकडं सामने खेळायला येणार होता. तार आली त्याच दिवशी सांगोल्याकडून मामाही आला होता. वडील गेल्यापासून आमच्या घरातले मोठे निर्णय मामाच घ्यायचा. त्याची मेंढरं होती, चार वाड्यांत ओळख होती, आणि माझ्यासाठी त्यानं वैरागच्या बाजारपेठेतलं एक घर बघून ठेवलं होतं. रविवारी पाहुणे येणार होते. शिबिराची गाडी शनिवारची होती. मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही त्याच संध्याकाळी आमच्या दारात उभ्या राहिलात.

आई गिरणीतून येऊन चुलीपुढं बसलेली. ती तिथं रिळं भरायच्या खात्यात होती. हात पिठात असले तरी केसात कापसाचे तंतू असायचे. तिनं तुम्हाला पाट दिला. मामा घोंगडीवर मांडी घालून बसला होता. तुम्ही तारेचं सांगितलं. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचं लगीन झालंया का?"

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"नाही झालं," तुम्ही म्हणालात. "पण मी माझ्या लग्नाचं बोलायला आले नाही."

"तसं न्हवं. पोरगी हातपाय मोडून घिऊन आली तर तिला कोन करंल, एवढंच म्हनतोय मी."

"मोडले तर मी बघेन. पण तिचे हात मोडत नाहीत. पडायचं कसं ते तिला येतं."

आईनं भाकरी तव्यात टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग तुमच्याकडं न बघताच विचारलं, "बाई, खरं सांगा. हिच्यासारखं खेळनारं दुसरं कोन हाय का?"

तुम्ही मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. तुम्ही जरा विचार केलात, सोलापुरातल्या, पुण्यातल्या, मुंबईतल्या सगळ्या मुली मनात उभ्या केल्यात असं मला वाटलं.

"नाही," तुम्ही म्हणालात. बस्स, तेवढंच.

आई म्हणाली, "दादा, परवा पाळी सुटल्यावर म्या पार्कावरनं येत हुते. आतनं पोरीचा आवाज आला. माझा, माझा, म्हनून वरडत हुती. म्या हुबीच ऱ्हायले. घरात ह्या पोरीचा सबूद कुनाला ऐकू येत न्हाय. मला वाटलं, ही कोन हाय? ही माझीच का?" तिनं भाकरी उलटली. "पावन्यांना सांग, पोरगी घरात न्हाय."

"कुटं गेली म्हनून सांगू?"

"देशाकडनं खेळाया गेली म्हनावं."

"लई हसतील."

"हसू दे की. हसून झालं की इचार म्हनावं, त्यांच्यातली कोन गेलीया."

मामानं ताट पुढं ओढलं. मग म्हणाला, "भाकरी वाढ," आणि तुमच्याकडं वळून, "बाई, तुमीबी बसा." तुम्ही आमच्यात जेवलात. शनिवारी मला गाडीवर सोडायला आलेला माणूस मामाच होता. माझी वळकटी त्याच्या खांद्यावर होती.

शिबिरात आम्हाला एकच जर्सी मिळाली. रोज रात्री धुवायची, सकाळी ओलसर घालायची. पाठीवरचा आकडा आपापल्या हातानं शिवायचा. बंगालच्या, मणिपूरच्या मुली, केरळच्या मुली, एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. पण मी मैदानात "माझा!" ओरडले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बचावफळीला ते एक मराठी कळत होतं. परदेशी मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच. पहिल्या सामन्यात मी एक गोल खाल्ला आणि आम्ही हरलो. दुसऱ्यात त्यांनी गोलावर चेंडू कितीदा मारला ते मोजायला मला फुरसत नव्हती, पण आत काही गेलं नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा त्यांच्या गोलीनं मैदानाच्या त्या टोकापासून चालत येऊन माझा हात हातात घेतला. राष्ट्रगीताच्या वेळी मला काय वाटलं असं त्या कॉलेजातल्या मुलांनी विचारलं होतं. बाई, मला वाटलं होतं, जर्सी अजून काखेत ओली आहे.

परत आले तर सोलापूरच्या फलाटावर तुम्ही उभ्या. मी धावत आले. तुम्ही हार आणला नव्हतात, शाबासकीही दिली नाहीत. "पहिल्या सामन्यातला गोल कसा खाल्लास?" एवढंच. मी सांगू लागले तर म्हणालात, "सांगू नको, दाखव." आणि फलाटावर, हमाल नि चहावाले बघत असताना, तुम्ही गिरकी घेऊन आलेली ती परदेशी मुलगी झालात आणि मी गोली. मी डाव्या पायावर भार टाकला होता हे तुम्हाला तिथंच दिसलं. मला न्यायला आलेला मामा बाजूला उभा राहून हसत होता.

पुढचं थोडं तुम्हाला माहीत आहे. मला रेल्वेत नोकरी लागली, ती खेळावर. आशियात आपण दुसरे आलो तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळल्या होतात, मी पदक तुमच्या उशाशी ठेवलं तर म्हणालात, "दुसरी का?" तुम्ही गेल्यावर मधे वाईट वर्षं आली. सामने नाहीत, पैसे नाहीत, काही काळ तर देशाचा संघ आहे की नाही हेच कुणाला सांगता येईना. पण मुली खेळायच्या थांबल्या नाहीत. मी पंचवीसेक वर्षं त्यांच्यातल्या गोलींना शिकवलं. आता त्यांच्या मापाचे बूट मिळतात, त्यांच्यासोबत डॉक्टर असतो, त्यांचे सामने टीव्हीवर दिसतात. परदेशातल्या क्लबांतून काही खेळून आल्या. मोठ्या संघांपुढं आपण अजून हरतो, पण घाबरून हरत नाही, आणि ज्या दिवशी जिंकू त्या दिवशी कुणाला नवल वाटणार नाही असा हा संघ आहे. हे मी भाषणातही म्हटलं आणि इथंही म्हणते, कारण मला त्याची खात्री आहे.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून टाकणार नाही. पण लिहिलंच आहे तर एक कबूल करते, हसू नका. देशाची गोली म्हणून लोक मला अजून ओळखतात, आणि मला पेनल्टी बघवत नाही. टीव्हीवर आपल्यावर पेनल्टी लागली की मी स्वयंपाकघरात जाते, ओट्याला धरून उभी राहते आणि शेजाऱ्यांच्या आवाजावरून निकाल ओळखते. परवा त्यांच्याकडं एवढा कल्ला झाला की मला वाटलं, आत गेला. बाहेर येऊन बघते तर चेंडू आपल्या पोरीच्या छातीशी.