मैत्रीच्या नावावरची ऑर्डर

कोपरखैरणे, शनिवार

प्रिय मैत्री,

सप्रेम जय भीम.

आठ महिन्यांनी लिहितेय. फोन केला असता तर तू उचललाही असतास, पण तुझा आवाज ऐकून मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता. म्हणून कागद घेतला. तुझा धम्मपाल बालवाडीत जायला लागला, आणि तू जासईच्या कंटेनर यार्डात लागलीस, घणसोलीहून दोन बस बदलून जातेस, हे तुझ्या शेजारच्या चांगुणाबाई बाजारात भेटल्या तेव्हा कळलं. पगार कमी आहे असंही म्हणाल्या. मी भाजी न घेताच परत आले.

ऑफिसमध्ये जुनं सॉफ्टवेअर जाऊन नवीन आलंय. रंग बदलले, काम तेच. गिऱ्हाइकाची ऑर्डर चढवायची, गोडाऊनमध्ये ऑक्सिजनची मशिनं किती आहेत बघायची, त्या ऑर्डरच्या नावावर राखून ठेवायची आणि तारखेला गाडीत चढवायला सोडायची. पहिल्या दिवशी तू मला शिकवताना म्हणाली होतीस, "शर्मिला, ही नुसती ओळ नाही हां. पलीकडे कुणीतरी श्वासासाठी थांबलंय." तेव्हा मला हसू आलं होतं. तू गेल्यापासून नवीन मुलींना मीच शिकवत आलेय, तुझ्या खुर्चीत बसून. तुझं ते वाक्य मात्र कुणाला सांगवत नाही.

मागच्या सोमवारी त्या मुलींमधल्या सुनयनाला लवकर निघायचं होतं, आईला दवाखान्यात न्यायचं होतं. तिने आपला पासवर्ड कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवला. "ताई, राहिलेल्या ऑर्डरी तेवढ्या माझ्या नावाने पुऱ्या करा ना." मी तो कागद टराटरा फाडला आणि तिच्यावर एवढी ओरडले की बिचारी रडायलाच लागली. सगळे बघत राहिले. धम्मपालला ताप आला होता तेव्हा तूही मला असाच कागद दिला होतास, हे त्यांच्यातल्या कुणाला माहीत असणार?

तुझा तो कागद मिळाल्यावर पंधरा दिवसांतच ते माणगावकडच्या छोट्या दवाखान्याचं प्रकरण झालं. त्यांच्यासाठी राखलेली आठ मशिनं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला गेली आणि तिकडच्या तीन पेशंटना ॲम्ब्युलन्समधून दुसरीकडे हलवावं लागलं. जीव वाचले, पण डॉक्टर फोनवर काय काय बोलले! सॉफ्टवेअरमध्ये बघितलं, तर बदल करणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव. शिवरामशेठच्या केबिनमध्ये तू एवढंच म्हणालीस, "शेठ, मी नाही केलं." मग माझ्याकडे बघितलंस. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत राहिले. त्याच दिवशी तू डबा पिशवीत घालून निघालीस, आणि महिन्याभरात तुझी जागा मला मिळाली.

परवा, गुरुवारी, आपले सेल्सचे दिपेश सर माझ्या टेबलापाशी आले. खेडच्या एका दवाखान्यासाठी सहा मशिनं राखलेली होती, ती मुंबईच्या त्याच हॉस्पिटलकडे वळव म्हणाले. मी म्हटलं, नाही जमणार. ते हसले. हळूच म्हणाले, "मागे जमलं होतं की. आता काय टेन्शन आहे?" मी उठले. आधी खेडची ऑर्डर गाडीत चढवायला सोडली आणि तशीच शेठच्या केबिनमध्ये गेले.

मैत्री, माणगावची ऑर्डर मी फिरवली होती. राखलेला माल हलवायचा अधिकार माझ्या नावाला नव्हता, तुझ्या होता, आणि तुझा पासवर्ड मला माहीत होता. दिपेश सर म्हणाले, दोन दिवसांत भरून काढू, कुणाला कळणार नाही. तू जेवायला गेली होतीस, तेवढ्या वेळात केलं. त्यांनी सांगितलं हे खरं, पण बोटं माझी होती, आणि केबिनमध्ये गप्प बसले तीही मीच. हे सगळं मी शेठना तोंडी सांगितलं, लिहून दिलं, खाली सही केली. सरांची चौकशी लागलीय. मला कामावरून काढलंय, ते बरोबरच आहे. कंपनीचं पत्र तुला येईलच. नोकरीवर परत बोलावतायत. जायचं की नाही ते तू ठरव. पण त्या पत्रात 'तांत्रिक चूक' असं लिहिणार आहेत, मी शेठच्या टेबलावर कच्चा कागद बघितला. ती तांत्रिक चूक नव्हती, आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून हे पत्र. माझ्या सहीच्या कागदाची एक प्रत सोबत जोडलीय. कुणी शब्द फिरवला तर तो पुढे कर. मंगळवारी अकराला सगळ्या स्टाफसमोर मी तो वाचणार आहे. शेठ नको म्हणत होते, मी हट्टाने त्यांना कबूल करायला लावलं. तू आलीस तर तुझ्यासमोर वाचेन. नाही आलीस तरी वाचणार.

तुझीच, हे लिहायचा हक्क राहिला नाही, तरीही तुझीच
शर्मिला